भारतातील रुग्णालयीन आपत्कालीन सेवा

भारतातील रुग्णालयीन आपत्कालीन सेवा म्हणजे अपघात, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, सर्पदंश, विषबाधा, भाजणे, प्रसूतीतील गुंतागुंत अशा जीविताला तत्काळ धोका असलेल्या प्रसंगी रुग्णालयात मिळणारी पहिली वैद्यकीय सेवा होय. ही सेवा ज्या विभागात दिली जाते त्यास आपत्कालीन विभाग, अपघात विभाग किंवा प्रचलित भाषेत 'कॅज्युअल्टी' असे म्हणतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून न्यायालये, केंद्र सरकार आणि राज्य सरकारे यांनी ही सेवा सुधारण्यासाठी अनेक पावले उचलली. या प्रयत्नांचे स्थूलमानाने तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात रुग्णालयाने रुग्णास नाकारू नये, हे तत्त्व कायद्याने प्रस्थापित झाले. दुसऱ्या टप्प्यात रुग्णास रुग्णालयापर्यंत पोहोचवणाऱ्या रुग्णवाहिका सेवेचा विस्तार झाला. रुग्ण दारात पोहोचल्यानंतर प्रत्यक्ष विभागात काय घडते, याकडे सर्वांत उशिरा, म्हणजे तिसऱ्या टप्प्यात लक्ष देण्यात आले.

व्याप्ती

आपत्कालीन विभागाचे कार्य बाह्यरुग्ण विभागापेक्षा वेगळे असते. बाह्यरुग्ण विभागात रुग्ण ठरावीक वेळेत येतो, क्रमांक लावतो आणि त्या क्रमाने तपासला जातो. आपत्कालीन विभाग दिवसाचे चोवीस तास चालू असतो आणि तेथे आधी येणाऱ्यास आधी हा नियम लागू होत नाही. ज्याच्या जिवाला अधिक धोका आहे त्यास प्रथम तपासले जाते. रुग्णाचा श्वसनमार्ग मोकळा राखणे, श्वसन व रक्ताभिसरण सावरणे, रक्तस्राव थांबवणे, प्राथमिक निदान करणे आणि त्यानंतर रुग्णास दाखल करणे, शस्त्रक्रियेस नेणे, अन्य रुग्णालयात पाठवणे अथवा घरी सोडणे यांपैकी एक निर्णय घेणे, हे या विभागाचे मुख्य काम आहे.

या सेवेची गरज केवळ रस्ते अपघातांपुरती मर्यादित नाही. तथापि धोरणांची चर्चा बव्हंशी अपघातांभोवती झाली आहे, कारण त्यांतील जीवितहानी मोठी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या.

पार्श्वभूमी

भारतातील सार्वजनिक रुग्णालयांत अपघात विभाग प्रदीर्घ काळापासून आहेत. परंतु दीर्घकाळ त्यांना स्वतंत्र वैद्यकीय शाखेचा दर्जा नव्हता. विभागात एक अपघात वैद्यकीय अधिकारी असे. तो रुग्णाची नोंद करून त्यास शस्त्रक्रिया, अस्थिरोग, औषधवैद्यक अशा संबंधित शाखेच्या निवासी डॉक्टरकडे सोपवत असे. रुग्णाला एकाच वेळी अनेक शाखांची गरज असल्यास त्याची जबाबदारी कोणाकडे, हा प्रश्न वारंवार उद्भवे.

यात कायदेशीर प्रक्रियेची भर पडे. अपघात, मारहाण, विषबाधा, भाजणे यांसारखी प्रकरणे 'मेडिको-लीगल' म्हणून नोंदवावी लागतात आणि त्यांची माहिती पोलिसांना द्यावी लागते. साक्षीसाठी न्यायालयात खेटे घालावे लागतील या धास्तीने अनेक खासगी रुग्णालये व डॉक्टर अशा रुग्णांना हात लावण्याचे टाळत आणि त्यांना सरकारी रुग्णालयाकडे धाडत. जखमीस वाहनात घालून आणणारी व्यक्तीही पोलिसी चौकशीच्या भयाने मागे सरत असे.

उपचारांचा अधिकार

न्यायालयीन निर्णय

परमानंद कटारा विरुद्ध भारतीय संघराज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८९ रोजी दिलेला निकाल या क्षेत्रातील पायाभूत निकाल मानला जातो. मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या एका स्कूटरचालकास जवळच्या रुग्णालयात नेले असता, तेथे मेडिको-लीगल प्रकरणे हाताळली जात नाहीत असे सांगून त्यास सुमारे २० किलोमीटर अंतरावरील दुसऱ्या रुग्णालयात नेण्यास सुचवण्यात आले आणि वाटेतच त्याचा मृत्यू झाला, अशा आशयाच्या वृत्तपत्रीय वृत्तान्ताच्या आधारे ही याचिका दाखल झाली होती. जीविताचे रक्षण ही संविधानाच्या अनुच्छेद २१ नुसार राज्यसंस्थेची जबाबदारी आहे. प्रत्येक डॉक्टर, मग तो सरकारी सेवेत असो वा नसो, जखमीवर तत्काळ उपचार करण्यास व्यावसायिकदृष्ट्या बांधील आहे आणि कोणतीही कायदेशीर प्रक्रिया या कर्तव्याच्या आड येऊ शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

या निकालाने डॉक्टरचे कर्तव्य निश्चित झाले. मात्र रुग्णालयात खाटच नसेल तर काय, हा प्रश्न शिल्लक राहिला. पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात न्यायालयाने १९९६ मध्ये त्याचे उत्तर दिले. जुलै १९९२ मध्ये रेल्वेगाडीतून पडून डोक्यास गंभीर इजा झालेल्या हकीम शेख या शेतमजुरास कोलकाता व परिसरातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट किंवा सुविधा उपलब्ध नसल्याच्या कारणाने परत पाठवले होते. अखेरीस त्यास खासगी रुग्णालयात स्वखर्चाने उपचार घ्यावे लागले. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, असे ठरवून न्यायालयाने त्यास २५,००० रुपयांची भरपाई मंजूर केली. निधीची टंचाई हे या घटनात्मक कर्तव्यातून सुटण्याचे कारण होऊ शकत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुग्णास स्थिर करण्याइतपत सुविधा, सुसज्ज रुग्णवाहिका आणि कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळवणारी मध्यवर्ती संपर्कयंत्रणा उभारावी, अशा सूचना या निकालात आहेत.

कायदे व नियम

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्तावर कोणत्याही औपचारिकतेची वाट न पाहता उपचार करण्याचे कर्तव्य डॉक्टरांवर घालण्यात आले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक नीतिनियमांनुसार डॉक्टरला सर्वसाधारणपणे रुग्ण निवडण्याचे स्वातंत्र्य असले, तरी आपत्कालीन प्रसंगी ते लागू होत नाही. विधी आयोगाने २००६ मधील आपल्या २०१ व्या अहवालात अपघातग्रस्त, आपत्कालीन रुग्ण आणि प्रसूतिवेदना सुरू असलेल्या स्त्रिया यांच्यावरील उपचारांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा सुचवला होता.

केंद्राच्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स अधिनियम, २०१० च्या कलम १२ अन्वये प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयाने उपलब्ध कर्मचारी व साधनांच्या मर्यादेत आपत्कालीन रुग्णास स्थिर करण्यासाठी आवश्यक ते उपचार द्यावयाचे आहेत. आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने हा अधिनियम सर्व राज्यांना आपोआप लागू होत नाही. राज्याने तो स्वीकारावा लागतो. २०१३ मधील फौजदारी कायद्याच्या दुरुस्तीने बलात्कार व आम्लहल्ला यांतील पीडितांना तत्काळ व विनामूल्य उपचार देणे सर्व सरकारी व खासगी रुग्णालयांना बंधनकारक केले आणि नकार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला.

राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्क अधिनियम संमत केला. आगाऊ रक्कम न मागता आपत्कालीन उपचार मिळण्याचा हक्क हा त्यातील मध्यवर्ती भाग आहे. राज्यातील खासगी डॉक्टरांनी या कायद्याविरुद्ध मोठे आंदोलन केले. आपत्कालीन स्थितीची व्याख्या आणि रुग्णाने पैसे न भरल्यास खर्चाची प्रतिपूर्ती कशी व केव्हा होणार, हे त्यांच्या आक्षेपांचे प्रमुख मुद्दे होते. उपचाराचा हक्क आणि उपचाराचा खर्च हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, हे या वादातून पुढे आले.

मदत करणाऱ्यास संरक्षण

सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१२ मध्ये दाखल केलेल्या याचिकेनंतर केंद्र सरकारने मे २०१५ मध्ये 'गुड समॅरिटन', म्हणजे जखमीस सद्भावनेने मदत करणारा नागरिक, याच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४अ समाविष्ट होऊन या संरक्षणास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्यानुसार अशा व्यक्तीस नाव व पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, तिच्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही आणि रुग्णालयास तिला ताटकळत ठेवता येत नाही अथवा तिच्याकडून उपचाराचा खर्च मागता येत नाही.

रुग्णवाहिका सेवा

पूर्वी रुग्णवाहिका ही मुख्यतः रुग्णालयाची, नगरपालिकेची किंवा धर्मादाय संस्थेची असे आणि तिचा उपयोग केवळ वाहन म्हणून होई. वाटेतच उपचार सुरू करणारी, एका दूरध्वनी क्रमांकावर उपलब्ध असलेली सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबाद येथून '१०८' या क्रमांकाने सुरू झाली. सरकारने खर्च करावा आणि खासगी अथवा सार्वजनिक-खासगी भागीदारीतील संस्थेने सेवा चालवावी, ही तिची रचना होती. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या अर्थसाहाय्यामुळे ती पुढे बहुतेक राज्यांत पोहोचली. २०११ मधील जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानंतर गरोदर माता व नवजात बालके यांच्या मोफत वाहतुकीसाठी '१०२' ही सेवाही विस्तारली. पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांसाठी '११२' हा एकच क्रमांक देशभर लागू करण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.

रुग्णवाहिकांचे प्रामुख्याने दोन प्रकार असतात. मूलभूत जीवनरक्षक रुग्णवाहिकेत प्राणवायू, प्रथमोपचार, स्प्लिंट व प्रसूतीची साधने असतात. प्रगत जीवनरक्षक रुग्णवाहिकेत याशिवाय कृत्रिम श्वसनयंत्र, हृदयाच्या विद्युत आलेखाचे निरीक्षण करणारे यंत्र आणि हृदयास विद्युतधक्का देणारे डिफिब्रिलेटर असते.

या सेवेमुळे रुग्ण अधिक संख्येने व अधिक लवकर रुग्णालयात पोहोचू लागले. पण त्यामुळेच नवा प्रश्न निर्माण झाला. रुग्णवाहिका जवळच्या रुग्णालयात गेली आणि तेथे शल्यविशारद, भूलतज्ज्ञ किंवा रक्त उपलब्ध नसेल, तर रुग्णास पुन्हा दुसरीकडे हलवावे लागते. इजा झाल्यानंतरच्या पहिल्या तासाला 'सुवर्ण तास' म्हणतात. या तासात वाचवलेली मिनिटे अशा फेरपाठवणीत खर्ची पडतात.

ट्रॉमा केअर केंद्रे

अकराव्या पंचवार्षिक योजनेत (२००७-१२) केंद्र सरकारने सुवर्ण चतुष्कोन आणि उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम महामार्गांलगतच्या सरकारी रुग्णालयांत ट्रॉमा केअर केंद्रे उभारण्याची योजना हाती घेतली. यासाठी १४० रुग्णालये निश्चित करण्यात आली. बाराव्या योजनेत तिचा आणखी विस्तार झाला. केंद्रांची वर्गवारी चार स्तरांत केली आहे. पहिल्या स्तरावर सर्व विशेषज्ञ व अतिविशेषज्ञ सेवा असणारी मोठी रुग्णालये, दुसऱ्या स्तरावर गंभीर जखमींवर निश्चित उपचार करू शकणारी रुग्णालये, तिसऱ्या स्तरावर रुग्णास स्थिर करून पुढे पाठवणारी जिल्हा वा उपजिल्हा रुग्णालये, तर चौथ्या स्तरावर सुसज्ज रुग्णवाहिका यांचा समावेश होतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे जयप्रकाश नारायण ॲपेक्स ट्रॉमा सेंटर हे पहिल्या स्तराचे प्रमुख उदाहरण आहे.

इमारत आणि यंत्रसामग्री यांसाठी निधी मिळाला तरी पदे भरणे ही राज्यांची जबाबदारी असते. न्यूरोसर्जन, भूलतज्ज्ञ व अस्थिरोगतज्ज्ञ यांची पदे रिक्त असल्यास केंद्र त्याच्या स्तराप्रमाणे चालू शकत नाही. त्यामुळे या योजनेचे यश केवळ बांधलेल्या केंद्रांच्या संख्येवरून ठरवता येत नाही.

विभागांतर्गत सुधारणा

रुग्णांची वर्गवारी

विभागात येणाऱ्या रुग्णांची निकडीनुसार विभागणी करण्याच्या पद्धतीस 'ट्रायेज' म्हणतात. प्रशिक्षित परिचारिका किंवा डॉक्टर रुग्ण येताच त्याची शुद्ध, श्वसन, नाडी, रक्तदाब, प्राणवायूचे प्रमाण यांची तपासणी करून त्यास रंग नेमून देतात. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीत लाल, पिवळा व हिरवा असे तीन रंग आहेत. लाल रंगाच्या रुग्णास तत्काळ पुनरुज्जीवन कक्षात नेले जाते, पिवळ्या रंगाच्या रुग्णावर निरीक्षणाखाली त्वरित उपचार होतात आणि हिरव्या रंगाचा रुग्ण काही काळ थांबू शकतो.

ट्रायेजचा उपयोग गर्दीत सर्वाधिक जाणवतो. ती नसेल तर मोठ्याने विव्हळणाऱ्या किंवा सोबत अधिक नातेवाईक असलेल्या रुग्णाकडे आधी लक्ष जाते आणि निपचित पडलेला, अंतर्गत रक्तस्राव होत असलेला रुग्ण मागे राहू शकतो.

तमिळनाडूतील उपक्रम

तमिळनाडू सरकारचा 'ताएई' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा अपघात व आपत्कालीन उपचार उपक्रम हा विभागांतर्गत सुधारणेचा ठळक नमुना आहे. यात सरकारी रुग्णालयांतील आपत्कालीन विभागांची रंगनिहाय क्षेत्रांत पुनर्रचना, ट्रायेज परिचारिकांची नेमणूक, रुग्णवाहिकेकडून रुग्णालयास पूर्वसूचना आणि उपचारांची प्रमाणित कार्यपद्धती यांवर भर देण्यात आला. पूर्वसूचना मिळाल्यास रुग्ण दारात येण्यापूर्वीच आवश्यक चमू तयार राहू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये त्या राज्याने रस्ते अपघातातील जखमींना पहिल्या ४८ तासांत मोफत उपचार देणारी योजनाही सुरू केली.

पायाभूत सुविधा

भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०२२ च्या आवृत्तीत जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांतील आपत्कालीन सेवांसाठी जागा, साधने आणि मनुष्यबळ यांचे निकष दिले आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात ६०२ जिल्ह्यांत अतिदक्षता रुग्णालय विभाग उभारण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. अतिदक्षता खाटांचा आपत्कालीन विभागाशी थेट संबंध आहे. आत खाट मोकळी नसेल तर दाखल करण्याचा निर्णय झालेला रुग्ण आपत्कालीन विभागातच स्ट्रेचरवर राहतो आणि नव्याने येणाऱ्या रुग्णास जागा उरत नाही. म्हणूनच आपत्कालीन विभागातील गर्दी ही बहुधा संपूर्ण रुग्णालयाच्या क्षमतेचे लक्षण असते.

मनुष्यबळ

आपत्कालीन वैद्यक या शाखेस भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता दिली. त्यानंतर एम.डी. अभ्यासक्रम आणि पुढे राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डी.एन.बी. अभ्यासक्रम सुरू झाला. २०२० च्या नियमांनुसार वैद्यकीय महाविद्यालयांत हा स्वतंत्र विभाग अनिवार्य करण्यात आला होता. मात्र राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांत अनिवार्य विभागांच्या यादीतून तो वगळण्यात आला. या बदलास आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञांनी आक्षेप घेतला.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डॉक्टर, परिचारिका व निमवैद्यकीय कर्मचारी यांच्यासाठी 'राष्ट्रीय आपत्कालीन जीवनरक्षण' हे प्रशिक्षण अभ्यासक्रम तयार केले. ऑगस्ट २०२१ मध्ये तत्कालीन केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या हस्ते त्यांचा प्रारंभ झाला. तोपर्यंत अशा प्रशिक्षणासाठी प्रामुख्याने परदेशी संस्थांच्या शुल्काधारित अभ्यासक्रमांवर अवलंबून राहावे लागत असे.

आपत्कालीन विभागात कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांचा प्रश्नही गंभीर आहे. उपचारास विलंब, माहितीचा अभाव आणि अचानक ओढवलेला मृत्यू यांमुळे नातेवाइकांचा उद्रेक बहुधा याच विभागात होतो. महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचारास प्रतिबंध करणारा कायदा केला. नातेवाइकांच्या संख्येवर मर्यादा, सुरक्षारक्षक आणि रुग्णाच्या स्थितीची वेळोवेळी माहिती देणारी व्यवस्था हे उपायही सुचवले जातात.

उपचारांचा खर्च

आपत्कालीन रुग्णास दाखल करताना अनामत रक्कम मागणे हा खासगी रुग्णालयांविषयीच्या तक्रारींचा नेहमीचा विषय आहे. रस्ते अपघातांपुरता यावर उपाय म्हणून मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीत सुवर्ण तासातील रोकडरहित उपचारांसाठी योजना करण्याची तरतूद कलम १६२ मध्ये करण्यात आली. योजना प्रत्यक्षात न आल्याने सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारला मुदत घालून दिली. त्यानंतर मे २०२५ मध्ये योजना अधिसूचित झाली. तिच्यानुसार रस्ते अपघातातील जखमीस नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत कमाल १.५ लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळू शकतात. हृदयविकार, सर्पदंश, विषबाधा यांसारख्या अन्य आपत्कालीन प्रसंगांना ही योजना लागू नाही. तेथे आयुष्मान भारत किंवा राज्यांच्या विमा योजनांवर अवलंबून राहावे लागते.

महाराष्ट्र आणि गोवा

महाराष्ट्रात '१०८' ही आपत्कालीन वैद्यकीय सेवा २६ जानेवारी २०१४ पासून कार्यान्वित झाली. प्रारंभी तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक प्रकारच्या होत्या. रुग्णवाहिकेत डॉक्टरची नेमणूक हे या सेवेचे वैशिष्ट्य आहे. अन्य अनेक राज्यांत ही जबाबदारी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडे असते. मुंबईच्या अरुंद वस्त्यांत व कोंडीत लवकर पोहोचण्यासाठी २०१७ मध्ये दुचाकी रुग्णवाहिकाही सुरू करण्यात आल्या.

मुंबईतील उपनगरी रेल्वेवर होणारे अपघात हा या शहराचा स्वतंत्र प्रश्न आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर उपनगरी स्थानकांवर आपत्कालीन वैद्यकीय कक्ष सुरू झाले. शहरातील गंभीर जखमींचा मोठा भार केईएम, शीव येथील लोकमान्य टिळक, नायर व कूपर या महापालिका रुग्णालयांवर आणि राज्य शासनाच्या जे. जे. रुग्णालयावर पडतो.

राज्यातील धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, आपत्कालीन रुग्णास अनामत रक्कम न मागता तत्काळ दाखल करून तो स्थिर होईपर्यंत जीवनरक्षक उपचार देणे या रुग्णालयांना बंधनकारक आहे. याच योजनेत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने जून २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विस्तार करताना रस्ते अपघातातील जखमींसाठीची मर्यादा ३०,००० रुपयांवरून १ लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय घेतला.

गोव्यात '१०८' सेवा २००८ मध्ये सुरू झाली. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यासाठी 'स्टेमी गोवा' हा प्रकल्प राबवण्यात आला. त्यात ग्रामीण भागातील आरोग्य केंद्रात काढलेला हृदयाचा विद्युत आलेख बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांकडे पाठवला जातो आणि त्यांच्या सल्ल्याने रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध जागेवरच देऊन रुग्णास पुढे हलवले जाते. अशाच धर्तीचा प्रकल्प महाराष्ट्रातही हाती घेण्यात आला.

नीती आयोगाचे मूल्यमापन

नीती आयोगाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या आपत्कालीन वैद्यक विभागाच्या सहकार्याने देशातील आपत्कालीन सेवांची पाहणी केली. तिचे दोन अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एका अहवालात २८ राज्ये व दोन केंद्रशासित प्रदेशांतील १०० रुग्णालयांची, तर दुसऱ्यात ३४ जिल्हा रुग्णालयांची पाहणी होती.

या पाहणीनुसार रुग्णालयात येणाऱ्या एकूण रुग्णांपैकी ९ ते १३ टक्के रुग्ण आपत्कालीन अथवा जखमी असतात. दाखल होणाऱ्या रुग्णांत मात्र त्यांचे प्रमाण सरकारी रुग्णालयांत १९ ते २४ टक्के आणि खासगी रुग्णालयांत ३१ ते ३९ टक्के आढळले. या तुलनेत आपत्कालीन विभागातील खाटा एकूण खाटांच्या केवळ ३ ते ५ टक्के होत्या. पाहणी केलेल्या रुग्णालयांपैकी ९१ टक्के रुग्णालयांकडे स्वतःच्या रुग्णवाहिका होत्या, पण प्रशिक्षित निमवैद्यकीय कर्मचारी केवळ ३४ टक्के ठिकाणी होते. अनेक रुग्णालयांत एकूण मनुष्यबळ पुरेसे असूनही आपत्कालीन विभागासाठी स्वतंत्र डॉक्टर, विशेषज्ञ व परिचारिका नेमलेल्या नव्हत्या. म्हणजेच कमतरता केवळ संख्येची नसून नेमणुकीच्या अग्रक्रमाचीही होती. स्वतंत्र निधी, ट्रायेजची सार्वत्रिक अंमलबजावणी, प्रमाणित कार्यपद्धती, रक्तपेढ्यांची उपलब्धता आणि रुग्णालयपूर्व व रुग्णालयीन सेवांची सांगड या अहवालांतील प्रमुख शिफारशी होत.

इतर देशांशी तुलना

रुग्णास नाकारण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकेने १९८६ मध्ये केला. त्यानुसार शासकीय मेडिकेअर योजनेत सहभागी रुग्णालयाने आपत्कालीन विभागात आलेल्या प्रत्येकाची, पैसे देण्याची ऐपत न पाहता, तपासणी करणे आणि त्यास स्थिर करणे आवश्यक आहे. भारतातील १९८९ चा निकाल व २०१० चा अधिनियम यांची दिशा याच्याशी मिळतीजुळती आहे.

इंग्लंडने वेगळा मार्ग स्वीकारला. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या २००० च्या योजनेत रुग्ण आपत्कालीन विभागात आल्यापासून चार तासांच्या आत त्यास दाखल करावे, अन्यत्र पाठवावे किंवा घरी सोडावे, असे मानक ठरवण्यात आले. हे लक्ष्य ९८ टक्के रुग्णांसाठी होते. २०१० मध्ये ते ९५ टक्क्यांवर आणण्यात आले. प्रारंभीच्या वर्षांत प्रतीक्षाकाळ लक्षणीयरीत्या कमी झाला. त्याबरोबरच चार तास पूर्ण होण्याच्या शेवटच्या काही मिनिटांत निर्णयांची गर्दी होते, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. स्टॅफर्ड येथील रुग्णालयाच्या चौकशीत लक्ष्यपूर्तीच्या दडपणाचे दुष्परिणामही समोर आले. ९५ टक्क्यांचे मानक इंग्लंडने शेवटचे जुलै २०१५ मध्ये गाठले. त्यानंतरच्या घसरणीमागे आंतररुग्ण खाटांची टंचाई आणि उपचार संपलेल्या रुग्णांना घरी सोडण्यातील विलंब ही प्रमुख कारणे सांगितली जातात.

रुग्णालयातील प्रतीक्षाकाळ नियमितपणे मोजून प्रसिद्ध केल्यास अडचण कोठे आहे हे दिसते, पण केवळ आकडा सुधारल्याने सेवा सुधारते असे नाही, असा या अनुभवाचा निष्कर्ष काढला जातो. भारतात धोरणांचे मोजमाप प्रामुख्याने रुग्णवाहिकांची संख्या, त्यांचा पोहोचण्याचा कालावधी आणि उभारलेली केंद्रे यांवरून होत आले आहे. रुग्ण विभागात आल्यापासून डॉक्टरने त्यास तपासेपर्यंत आणि तपासल्यापासून खाट मिळेपर्यंत किती वेळ जातो, या नोंदी ठेवणे हे तिसऱ्या टप्प्यातील सुधारणांचे महत्त्वाचे अंग मानले जाते.